लाइमनंतर न जाणारा थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी मदत करते. लाइम या गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराचा उपचार पूर्ण झाला, पण अंगातलं त्राण परत आलं नाही, असे लोक माझ्याकडे येतात. त्यांतल्या मराठी मंडळींचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर, मंडळाच्या कार्यक्रमांत, कधी थेट पुण्या-नागपूरहून फोनवर येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. हा थकवा खरा आहे. मात्र तो खरा आहे म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घ्यायचं, असं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. निदान आणि औषध हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. त्यांच्याकडे तयारीने जाता यावं, म्हणून हे पान.

१. लाइम म्हणजे नेमका कसला आजार? आणि त्यात थकव्याबद्दल कुणी आधी का सांगत नाही?

बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाच्या जंतूमुळे होणारा हा आजार आहे. काळ्या पायांची एक बारीक गोचीड चावली की तो अंगात शिरतो. अमेरिकेत दरवर्षी अंदाजे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात. त्यांतले बहुतेक ईशान्येकडच्या आणि उत्तर-मध्य भागातल्या राज्यांतले असतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स ही आपल्या लोकांची दाट वस्ती असलेली राज्यं त्यातच येतात.

आजाराला नाव मिळालं ते कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून. १९७५च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजत होते. पॉली मरे आणि आणखी काही आयांनी ‘हे सगळं एकाच गावात कसं?’ म्हणून आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास केला आणि पुढे १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत हा जंतू सापडला. मला वाटतं, तेव्हापासूनच सगळ्यांचं लक्ष सांधे आणि कातडीवर येणारा चट्टा यांच्याकडे राहिलं. सूज दिसते, चट्ट्याचा फोटो काढता येतो. थकव्याचा फोटो निघत नाही, म्हणून माहितीपत्रकात तो शेवटच्या ओळीत असतो.

२. मला गोचीड चावलेली आठवतच नाही, चट्टाही दिसला नाही. तरी लाइम असू शकतो?

हो. मे ते जुलैमध्ये चावणारी पिल्लावस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावताना दुखत नाही, खाजही येतेच असं नाही. ती काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, केसांत किंवा कानामागे बसते.

चट्टा ७० ते ८० टक्के लोकांना येतो, म्हणजे उरलेल्यांना येत नाही. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत तो दिसू लागतो आणि हळूहळू पसरतो. पुस्तकात असतो तसा लाल कडं आणि मध्ये ठिपका असा चट्टा अमेरिकेतल्या रुग्णांत कमी जणांनाच दिसतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तो लालभडक न दिसता जांभळट, तपकिरी, एखाद्या मुक्या मारासारखा दिसू शकतो. ‘कुठेतरी आपटलं असेल’ म्हणून तो सोडून दिलेले लोक मला भेटले आहेत. चट्टा रोज वाढतोय का हे बघायला पेनाने त्याची कड आखा आणि दिवसाउजेडी फोटो काढा.

३. गोळ्यांचा कोर्स संपून तीन आठवडे झाले. अजून दुपारी आडवं व्हावंसं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

बऱ्याच जणांच्या बाबतीत हो. सुरुवातीच्या लाइमसाठी प्रौढांना साधारणपणे १० ते १४ दिवस डॉक्सिसायक्लिन किंवा १४ दिवस अमॉक्सिसिलिन वा सेफ्युरॉक्झिम देतात. ताप आणि चट्टा लवकर जातो, अशक्तपणा मात्र मागे रेंगाळतो. काही आठवडे ते काही महिने हळूहळू बरं वाटत जाणं हा नेहमीचा क्रम आहे. या काळात ‘औषध लागू पडलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

काही लक्षणांसाठी मात्र थांबायचं नाही. चक्कर येऊन शुद्ध हरपणं, धडधड, छातीत दुखणं, दम लागणं हे जंतूने हृदयावर परिणाम केल्याचं चिन्ह असू शकतं. त्यासाठी त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, मान आखडून तीव्र डोकेदुखी किंवा गुडघा टम्म सुजणं यासाठीही डॉक्टरांना लगेच फोन करा.

४. सहा महिने होऊन गेले. आता याला काय म्हणायचं? असं किती जणांना होतं?

लाइमचं निदान पक्कं होतं, योग्य उपचार झाले, तरी थकवा, अंगदुखी किंवा विचार करण्यातला जडपणा सहा महिन्यांहून जास्त टिकला आणि त्यामुळे रोजची कामं अडली, तर त्याला पोस्ट-ट्रीटमेंट लाइम डिसीज सिंड्रोम म्हणतात. तुमच्या फाइलवर पीटीएलडीएस अशी आद्याक्षरं दिसतील.

प्रमाण किती ते व्याख्येवर ठरतं. अमेरिकेचं सीडीसी (सरकारी रोगनियंत्रण केंद्र) ५ ते १० टक्के म्हणतं, काही अभ्यासांत ते याहून जास्त निघालं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यात वेळेवर निदान आणि योग्य उपचार झालेल्या रुग्णांची तुलना लाइम न झालेल्या लोकांशी केली होती. रुग्णांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं, दुसऱ्या गटात सुमारे ४ टक्के. ‘थकवा काय, सगळ्यांनाच असतो’ याला हे उत्तर आहे. सगळ्यांना असतो, पण लाइमनंतर तो ठळकपणे जास्त लोकांना असतो.

‘क्रॉनिक लाइम’ हा शब्दही तुमच्या कानावर येईल. तो लाइमचं पक्कं निदान कधीच न झालेल्यांसाठीही वापरला जातो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना आपलं निदान कधी आणि कशावरून झालं, हे तारखेसकट सांगितलेलं बरं.

५. ऑफिस, मुलं, घर यांत सगळेच दमतात. हा थकवा वेगळा आहे हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी बघा.

पहिली, झोपेने तो जात नाही. आठ-नऊ तास झोपूनही सकाळी उठताना अंग रात्रीइतकंच जड असतं.

दुसरी, केलेलं काम आणि आलेला थकवा यांचा मेळ बसत नाही. जिना चढणं, अंघोळ, अर्ध्या तासाची मीटिंग यानेही माणूस गळून जातो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती सगळ्यांना नसते: श्रमाचा हिशेब उशिरा होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना पाहुणे येणार म्हणून उत्साह होता. सकाळी कणीक मळली, उभ्याने पोळ्या लाटल्या, संध्याकाळी सगळ्यांशी छान गप्पाही मारल्या. त्या दिवशी काही त्रास नाही, दुसऱ्या दिवशीही जेमतेम ठीक. तिसऱ्या दिवशी सकाळी कंगवा धरलेला हात डोक्यापर्यंत नेताना मध्येच खाली ठेवावा लागला. त्यांना वाटलं, आजार अचानक उलटला. प्रत्यक्षात ती दोन दिवसांपूर्वीच्या पोळ्यांची किंमत होती. श्रमानंतर बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत असं कोसळणं होत असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. व्यायामाचा सल्ला त्यावर ठरतो (प्रश्न ११).

६. जंतू मेले असतील तर थकवा का राहतो?

याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही, पण धागे हाती लागले आहेत.

एक धागा असा की जंतू मेला तरी त्याच्या भिंतीचे तुकडे शरीरात राहतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चालून जात राहते. लाइमच्या सांधेदुखीत सांध्याच्या पाण्यात असे तुकडे सापडल्याचं २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरा धागा मेंदूचा. जॉन्स हॉपकिन्समध्येच पेट स्कॅन करून पाहिलं, तेव्हा अशा रुग्णांच्या मेंदूत दाहाशी संबंधित खूण निरोगी लोकांपेक्षा जास्त दिसली. अभ्यास छोटा होता, तरी ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांना त्याने विचार करायला लावलं. रक्तदाब-नाडी सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेची घडी बिघडणं हा तिसरा धागा.

कोविडनंतर रेंगाळलेल्या थकव्यामुळे या संशोधनाला जोर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२५मध्ये लाइमनंतरच्या दीर्घ आजारांवर स्वतंत्र अहवाल काढला. नेमकं कारण कळेपर्यंत रुग्णांना थांबवून न ठेवता त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या चाचण्या आताच करा, असा त्याचा रोख आहे. माझ्यासारख्या रोज रुग्ण बघणाऱ्यांना हे फार आधी हवं होतं.

७. माझी रक्ततपासणी अजून पॉझिटिव्ह येते. म्हणजे जंतू आहेतच ना?

नाही, तसा अर्थ होत नाही. लाइमची नेहमीची तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. म्हणून ‘बरा झालो का’ हे बघायला ती टेस्ट परत परत करण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही आहे. चावल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत अँटिबॉडी पुरेशा तयार झालेल्या नसतात, त्यामुळे तेव्हा टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. ठळक चट्टा असेल तर डॉक्टर टेस्टची वाट न बघता औषध सुरू करतात, ते यासाठीच.

इंटरनेटवर लघवीच्या किंवा ‘स्पेशल लॅब’च्या महागड्या टेस्ट विकल्या जातात. अँटिबॉडीची मान्यताप्राप्त दोन टप्प्यांची तपासणी सोडून बाकीच्यांवर पैसे घालवण्याआधी संसर्गरोग तज्ज्ञाला विचारा.

८. मग अँटिबायोटिक आणखी काही महिने घेतलं तर? एक क्लिनिक सलाइनमधून देतो म्हणतंय.

हा प्रश्न विचारणारा माणूस थकून, हताश होऊन विचारत असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ही कल्पना नीट तपासून झाली आहे. २००१मध्ये अमेरिकेत एक चाचणी झाली. तीत महिनाभर शिरेतून सेफ्ट्रायक्झोन आणि पुढे दोन महिने डॉक्सिसायक्लिन दिलं. तुलनेसाठी दिलेलं नुसतं दिखाऊ औषध (प्लासिबो) घेतलेल्यांत आणि खरं घेतलेल्यांत फरक दिसला नाही. २००३च्या चाचणीत २८ दिवसांच्या सेफ्ट्रायक्झोनने काही जणांचा थकवा कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण विचारशक्तीत सुधारणा झाली नाही आणि गंभीर दुष्परिणाम झाल्यामुळे संशोधकांनीच तो उपचार सुचवला नाही. २००८मध्ये दहा आठवडे औषध देऊन पाहिलं, तेव्हा स्मरणशक्तीत आलेली सुधारणा औषध थांबल्यावर टिकली नाही. २०१६मध्ये नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यातही सुरुवातीच्या उपचारानंतर बारा आठवडे जादा गोळ्या घेऊन फायदा आढळला नाही.

आता तोटा बघा. शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवली की तिथून रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो, गुठळी होऊ शकते. सेफ्ट्रायक्झोनने पित्ताशयात खडे होऊ शकतात. आतड्यातले चांगले जंतू मेल्याने जीवघेणे जुलाब होऊ शकतात. ‘क्रॉनिक लाइम’साठी असे उपचार घेतल्यानंतर गंभीर संसर्ग झालेल्या रुग्णांची नोंद सीडीसीने २०१७मध्ये केली. त्यांत मृत्यूही होते.

याला खरे अपवाद आहेत. सुजलेला सांधा पहिल्या कोर्सने पूर्ण उतरला नसेल, चेतासंस्थेच्या संसर्गाची चिन्हं तपासणीत दिसत असतील किंवा नव्याने गोचीड चावून नवा चट्टा आला असेल, तर डॉक्टर पुन्हा अँटिबायोटिक देतात. तिथे डोळ्यांना दिसणारं, मोजता येणारं कारण असतं. नुसत्या थकव्यासाठी दिलेला लांबलचक कोर्स वेगळा. क्लिनिक रोख पैसे मागत असेल, विमा नको म्हणत असेल आणि कोर्स कधी संपणार ते सांगत नसेल, तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

९. डॉक्टर म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, स्ट्रेस असेल.’ आता मी काय करू?

पंधरा-वीस मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये ‘आय फील टायर्ड’ हे वाक्य हरवून जातं. आपल्यातले बरेच जण, विशेषतः बायका, त्याला लगेच ‘पण चालतंय’ अशी जोड देतात. ती देऊ नका.

एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या. लाइमचं निदान कोणत्या तारखेला, कशावरून झालं आणि कोणतं औषध किती दिवस घेतलं. आजारापूर्वी करत होता आणि आता होत नाहीत अशी चार-पाच ठोस कामं: ‘पूर्वी एक तास गाडी चालवायचो, आता वीस मिनिटांनी थांबावं लागतं’ अशी. आणि दोन आठवड्यांची छोटी डायरी: रोज काय केलं, किती झोपलो, कोणत्या दिवशी कोसळलो. मग सरळ विचारा, ‘हे पीटीएलडीएस असू शकतं का? नसेल तर दुसरं काय तपासायचं?’ त्यावरही खांदे उडवले गेले तर डॉक्टर बदला. त्यात उद्धटपणा नाही.

नैराश्याबद्दल विचारलं तर रागावू नका. दीर्घ आजाराने मन खचतं आणि त्यावर उपचार असतात. मन खचलं म्हणून शरीराचा थकवा खोटा ठरत नाही.

१०. लाइमच्या नावाखाली दुसरंच काही राहून जात नाही ना?

राहून जातं, आणि आपल्या लोकांत जरा जास्तच. शाकाहारी घरांत बी-१२ची आणि थंड प्रदेशात राहणाऱ्या सावळ्या कातडीच्या लोकांत ड-जीवनसत्त्वाची कमतरता अगदी नेहमीची. त्यात पाळीच्या अतिस्रावाने होणारा अ‍ॅनिमिया, थायरॉइड, साखर. घोरणाऱ्यांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्यासाठी झोपेची तपासणी करावी लागते.

ज्या गोचिडीने लाइम दिला, तिनेच आणखी जंतू दिलेले असू शकतात. त्यांत बबेसिया लक्षात ठेवा. हा परजीवी मलेरियासारखा तांबड्या पेशींत राहतो आणि ताप, घाम, अशक्तपणा देतो. लाइमसाठी घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनने तो जात नाही, त्याची औषधं वेगळी आहेत. कोर्सनंतरही ताप आणि रात्रीचा घाम सुरू असेल, तर डॉक्टरांना बबेसियाचं नाव घेऊन विचारा.

उभं राहिलं की धडधड आणि डोकं हलकं होणं हा त्रास असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी किती वाढते, हे मोजायला सांगा. प्रौढांत ती ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर पॉट्स या त्रासाच्या दिशेने तपास होतो. पाणी, मीठ, दाबाचे मोजे आणि काही औषधं यांनी त्यात बराच फरक पडतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र आपल्या मनाने मीठ वाढवू नये.

११. व्यायाम केला की बरं वाटेल म्हणतात. करू की विश्रांती घेऊ?

तुम्हाला उशिरा कोसळण्याचा त्रास (प्रश्न ५) आहे की नाही, यावर उत्तर अवलंबून आहे.

तो त्रास नसेल, तर हलक्या हालचालीपासून सुरू करून हळूहळू वाढवणं बहुतेकांना मानवतं. पाच-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं, खुर्चीत बसून हातापायांच्या हालचाली. महिनोन्‌महिने पूर्ण पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

तो त्रास असेल, तर ‘दर आठवड्याला दहा टक्के वाढवा’ छापाचं वेळापत्रक नुकसान करू शकतं. याच जातीचा थकवा असलेल्या एमई-सीएफएस आजारासाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१मध्ये अशा ठरावीक चढत्या व्यायामाची शिफारस काढून घेतली. अशा वेळी आम्ही पेसिंग, म्हणजे आहे त्या ताकदीच्या मापात काम करणं, शिकवतो. उन्हाळ्यात विहिरीला जेवढा पाझर असतो तेवढंच पाणी उपसायचं, तळ दिसेपर्यंत नाही, तसं हे आहे.

प्रत्यक्षात असं करा. आठवडाभर डायरी ठेवून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही त्रास होत नाही इतकं काम किती, ते शोधा. चांगल्या दिवशीही तेवढंच करा. हे सगळ्यात अवघड जातं, कारण चांगला दिवस आला की राहिलेलं सगळं उरकून टाकावंसं वाटतं. मोठ्या कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर दमण्याआधीच पंधरा मिनिटं आडवं व्हा, फोन न बघता. ओट्याशी उंच स्टूल ठेवा. भाजी चिरणं, कणीक मळणं, भांडी पुसणं बसून होतं. फूड प्रोसेसरमध्ये मळलेली कणीक आणि फ्रोझन पोळ्या यांत काही कमीपणा नाही. अंघोळीसाठी प्लास्टिकची खुर्ची घ्या, पाणी फार गरम नको. गणपतीची सजावट, आरती, प्रसाद आणि पाहुणे यांतलं या वर्षी आपलं एकच काम कोणतं, ते आधी ठरवा आणि बाकीचं वाटून द्या. हेच प्रमाण तीन-चार आठवडे मानवलं, तर अगदी थोडं वाढवून बघा.

१२. शब्द आठवत नाहीत, ईमेल तीनदा वाचावी लागते. हेही त्यातलंच का?

हो, याला ब्रेन फॉग म्हणतात आणि तो थकव्याच्या जोडीनेच येतो. विचार करणं हेही श्रमच आहेत. पेसिंगच्या डायरीत मीटिंग, गाडी चालवणं, मुलांचा अभ्यास घेणं हे सगळं धरा. डोक्याची कामं दिवसाच्या तुमच्या सगळ्यात चांगल्या वेळी ठेवा, एका वेळी एकच काम घ्या, लक्षात ठेवण्याचं ओझं वहीवर आणि अलार्मवर टाका. विसरणं दिवसेंदिवस वाढतच असेल किंवा ओळखीचे रस्ते चुकत असतील, तर ते लाइमच्या नावावर न खपवता न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

१३. मुलीला लाइम झाला होता. आता ती शाळेतून आली की झोपते, मार्क घसरलेत. लाड चाललेत की आजार?

उपचारानंतर बहुतेक मुलं चांगली बरी होतात. पण काहींना थकवा महिनोन्‌महिने पुरतो आणि मुलांना तो सांगता येत नाही. चिडचिड, पोटदुखी, आवडत्या खेळाला नको म्हणणं अशा रूपात तो दिसतो. आवडती गोष्टही सुटली असेल तर लाड समजू नका. प्रश्न १०मधली कारणं आधी तपासून घ्या. अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये डॉक्टरांच्या पत्रावर ‘५०४ प्लॅन’ मागता येतो. परीक्षेला जादा वेळ, पीटीतून सूट, कमी गृहपाठ, मधल्या वेळी नर्सच्या खोलीत विश्रांती अशा सोयी त्यात लिहून मिळतात. त्या मागायला संकोच करू नका.

१४. नोकरी आहे, व्हिसा आहे. किती रजा मिळते?

अमेरिकेत फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्टखाली वर्षात बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. नोकरी आणि आरोग्यविमा शाबूत राहतो. त्यासाठी त्या मालकाकडे बारा महिने, आदल्या वर्षात १,२५० तास काम झालेलं हवं आणि ७५ मैलांच्या परिसरात कंपनीचे ५० कर्मचारी हवेत. ही रजा तुकड्यांतही घेता येते, जसं की दर बुधवारी अर्धा दिवस, आणि या आजारात तीच जास्त उपयोगी पडते. न्यू जर्सीत राज्याच्या तात्पुरत्या अपंगत्व विम्यातून काही काळ पगाराचा भाग मिळू शकतो. रजेचा अर्ज लेखी करा. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

एफ-१वरच्या विद्यार्थ्यांनी मनाने विषय सोडू नयेत. डॉक्टरांचं पत्र देऊन कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून कमी अभ्यासभाराची परवानगी आधी घ्यायची, मग विषय सोडायचा. हा क्रम उलटला तर स्टेटसला धक्का बसतो.

१५. आई-बाबा सहा महिने आमच्याकडे होते. पुण्याला परतल्यावर आईला ताप आणि भयंकर थकवा आहे. तिथले डॉक्टर लाइमचा विचार करतील का?

तुम्ही सांगितलंत तर करतील. भारतात लाइम क्वचित आढळतो, त्यामुळे तो पटकन सुचत नाही. आई-बाबा बहुधा एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये येतात आणि गोचिडीचा मुख्य हंगाम त्यातच येतो. मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीचे वाफे, कुंपणाला लागून झाडी, पाचोळ्याचा ढीग, आणि बाबा सकाळ-संध्याकाळ तिथेच, हे चित्र न्यू जर्सीत घरोघरी असतं. लाइम होण्यासाठी जंगलात जावं लागत नाही.

डॉक्टरांना राज्य, राहण्याच्या तारखा, बागकाम आणि दिसलेला कुठलाही चट्टा हे सगळं लिहून पाठवा. त्याचबरोबर नुसता लाइमच धरून बसू नका. ती मधल्या काळात सिंधुदुर्गात दोडामार्गकडे किंवा गोव्यात सत्तरीकडे जाऊन आली असेल तर माकडताप, विदर्भात असेल तर स्क्रब टायफस (बारीक किडे चावून होणारा जंतूंचा ताप) हेही डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवेत. माकडताप विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन लागतं आणि उशीर जिवावर बेतू शकतो. डेंग्यू-मलेरिया तर आहेतच. ताप आपोआप उतरेल म्हणून वाट बघू नका.

१६. अश्वगंधा, पंचकर्म, सप्लिमेंट?

लाइमनंतरच्या थकव्यावर यांपैकी कशाचाही सिद्ध झालेला उपयोग माझ्या पाहण्यात नाही. अश्वगंधा थायरॉइडच्या गोळीशी गुंतागुंत करू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्या. शिसं किंवा पारा असलेली भस्मं टाळा. शिसं अंगात साठलं तर त्यानेही थकवाच येतो. जुलाब-उपवास असलेले पंचकर्माचे प्रकार अशक्त माणसाला मानवत नाहीत. हलका अभ्यंग, योगनिद्रा, वेळेवर साधं जेवण यांनी बरं वाटत असेल तर जरूर करा.

१७. घरचे आळस म्हणतात. हे कधी संपणार?

बहुतेकांना काळानुसार फरक पडतो. तो महिन्यांच्या मापाने पडतो आणि सरळ रेषेत नाही. दोन चांगले आठवडे, मग एक वाईट, असं चालतं. काहींना वर्ष-दोन वर्षंही लागतात. थकवा आजच्यासारखाच कालही होता असं वाटत असेल, तर डायरीत तीन महिन्यांपूर्वीचं पान बघा. एकच घरचं माणूस पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर सासूबाईंचा, नवऱ्याचा, मुलांचा सूर बदललेला मी पाहिला आहे. घरच्यांनी ‘काय मदत करू?’ विचारण्यापेक्षा एक काम कायमचं उचलावं: कचरा, कपडे, मुलांची ने-आण, काहीही. विचारलं की रुग्णाला पुन्हा विचार करून काम वाटावं लागतं.

१८. एकदा झाला की पुन्हा होत नाही ना? परत गोचीड दिसली तर?

पुन्हा होऊ शकतो. एकदा झाल्याने भरवशाचं संरक्षण मिळत नाही आणि माणसांसाठीची लस १९९८मध्ये आली ती २००२मध्ये बाजारातून गेली. नव्या लसीच्या मोठ्या चाचण्या २०२२मध्ये सुरू झाल्या.

गोचीड दिसली की बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर, एकसारखं ओढा. काडीने चटका, रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश काही नको. मग साबणाने धुवा, तारीख लिहा, गोचीड चिकटपट्टीत चिकटवून ठेवा किंवा फोटो काढा. लाइम पसरायला ती सहसा २४ तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोज रात्री अंग तपासण्याचा खरा उपयोग होतो. ती रक्ताने फुगलेली असेल, दीड दिवस किंवा जास्त चिकटलेली असावी असं वाटत असेल आणि तुम्ही लाइमच्या भागात असाल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना फोन करा. डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस, प्रौढांना २०० मिलिग्रॅम, प्रतिबंधासाठी देता येतो. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर तो घेऊ नका, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर लगेच आडवं होऊ नका. गरोदर असाल तर आधी तसं सांगा.

बागेतून आल्यावर कपडे सुके असतील तर आधी ड्रायरमध्ये जास्त गरम तापमानावर दहा मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्याने गोचीड मरेलच असं नाही.